आभासी शर्यतीसाठी गृहसंगणक : आधी पडदा, मग यंत्र

मोटार शर्यतींचे हुबेहूब अनुकरण करणारे खेळ घरी खेळता यावेत, म्हणून नवा संगणक घेऊ पाहणाऱ्यांची पहिली चौकशी बहुधा ग्राफिक्स कार्डाविषयी असते. सर्वांत शक्तिशाली कार्ड कोणते, ते केवढ्याला मिळते आणि उरलेल्या पैशांत बाकीचे काय बसते, या क्रमाने खरेदी पुढे सरकते. परिणामी महागडे यंत्र घरी येते, मात्र स्टीअरिंग व्हील आणि पेडल यांसाठी पैसे उरत नाहीत आणि शर्यत कीबोर्डच्या बाणांवर खेळावी लागते. या खेळांच्या बाबतीत खरेदीचा क्रम उलटा असणे हिताचे ठरते. आधी पडदा आणि स्टीअरिंग ठरवावे, त्यानंतर त्या पडद्यावर चित्र अखंड आणि समगतीने उमटवील एवढ्या ताकदीचे यंत्र निवडावे.

मध्यमवर्गीय कुटुंबासाठी ही खरेदी लहान नाही. तोच संगणक मुलांच्या अभ्यासासाठी, कार्यालयीन कामासाठी आणि घरखर्चाच्या हिशेबासाठीही वापरला जातो आणि तो किमान पाच वर्षे टिकावा अशी अपेक्षा असते. म्हणूनच कोणत्या भागावर खर्च करावा आणि कोणत्या भागावर करू नये, याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे.

खेळ की सराव?

मोटारींचे सर्वच खेळ एका प्रकारचे नसतात. काही खेळांत वेग आणि देखावा यांना महत्त्व असते, तर सिम्युलेशन प्रकारात टायरची पकड, इंधनाचे वजन, ब्रेकचे तापमान, रस्त्याचा चढउतार या सर्वांचे गणित सतत मांडले जाते. १९६७ च्या ग्रां प्री हंगामावर आधारलेला आणि १९९८ मध्ये प्रकाशित झालेला 'ग्रां प्री लेजंड्स' हा या परंपरेतील एक महत्त्वाचा टप्पा मानला जातो. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'आयरेसिंग'ने लेझर किरणांनी मोजलेली सर्किट आणि ऑनलाइन शर्यतींची शिस्तबद्ध व्यवस्था आणली. 'असेटो कोर्सा' २०१४ मध्ये, त्याची स्पर्धात्मक आवृत्ती 'असेटो कोर्सा कॉम्पिटित्सिओने' २०१९ मध्ये, तर 'ऑटोमोबिलिस्टा २' २०२० मध्ये बाजारात आला.

या खेळांकडे केवळ करमणूक म्हणून पाहिले जात नाही. आभासी शर्यतींतून पुढे आलेला ब्रिटनचा जेम्स बाल्डविन २०१९ मध्ये 'वर्ल्ड्स फास्टेस्ट गेमर' ही स्पर्धा जिंकल्यानंतर २०२० मध्ये ब्रिटिश जीटी मालिकेत प्रत्यक्ष मोटार चालवू लागला. कोविडच्या साथीमुळे २०२० मध्ये शर्यती थांबल्या, तेव्हा फॉर्म्युला वनने आभासी ग्रां प्री भरवल्या आणि ल मान्सची २४ तासांची आभासी शर्यतही त्याच वर्षी जूनमध्ये झाली.

भारतात या सरावाला वेगळे मोल आहे. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरचे करी मोटर स्पीडवे आणि २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वन शर्यती झालेले ग्रेटर नोएडातील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट, अशी शर्यतीची पक्की सर्किट देशात मोजकीच आहेत. नागपूर, इंदूर किंवा बेळगाव येथील तरुणाला तेथवर पोहोचणे आणि तेथील खर्च पेलणे सहजशक्य नसते. घरातील संगणक हेच अशा अनेकांचे पहिले आणि कदाचित एकमेव सर्किट असते.

सेकंदाच्या अंशांचे गणित

संगणकाच्या पडद्यावरील हालचाल म्हणजे एकामागून एक उमटणाऱ्या स्थिर चित्रांची मालिका असते. अशा प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम उमटत असतील, तर प्रत्येक फ्रेम तयार करण्यासाठी यंत्राला सुमारे १६.७ सहस्रांश सेकंद मिळतात. १२० फ्रेमसाठी ही मुदत ८.३, तर १४४ फ्रेमसाठी ६.९ सहस्रांश सेकंद इतकी उरते.

ताशी २१६ किलोमीटर वेगाने धावणारी मोटार सेकंदाला ६० मीटर अंतर कापते. म्हणजे ६० फ्रेमच्या गतीत प्रत्येक चित्रागणिक ती एक मीटर पुढे जाते, १२० फ्रेमच्या गतीत अर्धा मीटर. वळणापूर्वी ब्रेक लावण्याच्या क्षणी चित्र एक दशांश सेकंद जरी अडखळले, तरी मोटार सहा मीटर पुढे निघून गेलेली असते. खेळाडूच्या कौशल्याचा दोष नसतानाही वळण चुकते, आणि ऑनलाइन शर्यतीत शेजारच्या स्पर्धकाचीही शर्यत बिघडते.

याचाच अर्थ, अधूनमधून दोनशेपर्यंत चढणाऱ्या आणि ऐन गर्दीत चाळीसपर्यंत कोसळणाऱ्या फ्रेमसंख्येपेक्षा सतत नव्वदवर स्थिर राहणारी संख्या अधिक उपयोगी असते. जाहिरातींत सरासरी आकडा ठळकपणे दिला जातो, ग्राहकाने मात्र किमान आकड्याची चौकशी करावी.

पडद्यापासून सुरुवात

यंत्रावर किती भार पडणार, हे मुख्यतः पडदा ठरवतो. प्रत्येक फ्रेममध्ये पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याचा, म्हणजेच पिक्सेलचा रंग ठरवावा लागतो. १९२० गुणिले १०८० या सर्वपरिचित मापाच्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात. २५६० गुणिले १४४० मापात ते ३६,८६,४०० होतात, तर ज्याला सामान्यतः 'फोर-के' म्हटले जाते त्या पडद्यावर ८२,९४,४०० भरतात. पहिल्या मापाचे तीन पडदे शेजारी शेजारी लावल्यास ही संख्या ६२,२०,८०० होते. पडदा बदलला, की तेच कार्ड पुरेसे किंवा अपुरे ठरते ते यामुळेच.

नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी २७ इंची, २५६० गुणिले १४४० मापाचा आणि १४४ हर्ट्झ किंवा त्याहून अधिक गतीचा एक पडदा हा समतोल पर्याय आहे. खर्च मर्यादित असल्यास १९२० गुणिले १०८० मापाचा पडदाही उत्तम काम देतो. फ्रेमच्या बदलत्या गतीशी पडद्याची गती जुळवून घेणारी 'फ्रीसिंक' किंवा 'जी-सिंक' ही सोय पडद्यात आहे का, हे मात्र आवर्जून पाहावे. तिच्यामुळे चित्र मध्येच फाटल्यासारखे दिसणे आणि किरकोळ अडखळणे टळते.

पडद्याचे अंतरही महत्त्वाचे असते. २७ इंची पडद्याची रुंदी सुमारे ६० सेंटिमीटर असते. तो डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर ठेवल्यास समोरच्या दृश्याचा सुमारे ५३ अंशांचा भाग व्यापतो. खेळातील दृष्टिकोन याच्याशी जुळवून घेतला, तर अंतराचा आणि वेगाचा अंदाज खरा येतो. हाच पडदा टेबलाच्या मागच्या कडेला, हात लांब करूनही पोहोचणार नाही इतका दूर ठेवला, तर त्याचा बराचसा लाभ वाया जातो. तीन पडद्यांमुळे शेजारून येणारी मोटार दिसते, परंतु त्यासाठी कार्डाबरोबरच प्रोसेसरवरही अधिक भार पडतो.

डोळ्यांवर चढवण्याच्या आभासी वास्तवाच्या उपकरणात खोलीचा प्रत्यय सर्वांत चांगला येतो, मात्र त्याची मागणीही मोठी असते. २०२३ मध्ये आलेल्या 'मेटा क्वेस्ट ३' मध्ये प्रत्येक डोळ्यासमोर २०६४ गुणिले २२०८ पिक्सेल आहेत, म्हणजे दोन्ही मिळून ९१ लाखांहून अधिक. शिवाय येथे फ्रेम अडखळल्यास केवळ वळण चुकत नाही, काहींना मळमळ आणि चक्करही येते. पुढे असे उपकरण घेण्याचा विचार असेल, तर तो संगणक घेतानाच सांगणे योग्य.

प्रोसेसरचे काम

इतर अनेक खेळांत प्रोसेसरकडे दुर्लक्ष केले तरी चालते, सिम्युलेशनमध्ये तसे चालत नाही. या प्रकारातील काही खेळ मोटारीच्या हालचालीचे गणित सेकंदाला तीनशेहून अधिक वेळा करतात. त्यात तीस मोटारींची शर्यत असेल, तर प्रत्येकीची जागा, आवाज, टक्कर आणि संगणकनियंत्रित स्पर्धकांचे निर्णय यांची भर पडते. यातील बरीच कामे एकामागून एकच करावी लागतात. आधीच्या पायरीचे उत्तर हाती आल्याशिवाय पुढची पायरी सुरू होत नाही. त्यामुळे प्रोसेसरमध्ये सोळा कोअर आहेत की आठ, यापेक्षा एकेक कोअर किती वेगवान आहे याला अधिक महत्त्व येते. सहा ते आठ वेगवान कोअर या कामासाठी पुरेसे असतात.

दुसरी लक्ष देण्याजोगी बाब म्हणजे कॅश. वारंवार लागणारी माहिती प्रोसेसरच्या अगदी जवळ ठेवण्याची ती जागा असते. स्वयंपाक करताना तिखटमीठ फडताळातून दरवेळी आणण्याऐवजी हाताशी असलेल्या मिसळणाच्या डब्यात ठेवले जाते, तसाच हा प्रकार आहे. एएमडी कंपनीच्या 'रायझन ७ ५८००एक्स' मध्ये तिसऱ्या स्तरावरील कॅश ३२ मेगाबाइट होती. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या 'रायझन ७ ५८००एक्स३डी' मध्ये जादा थर रचून ती ९६ मेगाबाइट करण्यात आली. त्यानंतर २०२३ मध्ये '७८००एक्स३डी' आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये '९८००एक्स३डी' हे प्रोसेसर याच पद्धतीने आले. मोठी कॅश शर्यतीच्या खेळांना विशेष मानवते, असा अनुभव आहे. अर्थात असा प्रोसेसर परवडत नसेल, तर अलीकडच्या पिढीतील मध्यम किमतीचा एएमडी किंवा इंटेल प्रोसेसरही एका पडद्यासाठी चांगली साथ देतो.

ग्राफिक्स कार्ड : किती पुरे?

पडदा ठरल्यानंतर कार्डाचा प्रश्न बराच सोपा होतो. १९२० गुणिले १०८० मापाच्या एका पडद्यासाठी सध्याच्या पिढीतील कनिष्ठ-मध्यम श्रेणीचे कार्ड पुरते. २५६० गुणिले १४४० मापासाठी त्याच्या वरची पायरी निवडावी आणि शक्यतो १२ किंवा १६ गिगाबाइट मेमरीचे कार्ड घ्यावे. एनव्हिडियाचे 'आरटीएक्स ५०६० टीआय' आणि एएमडीचे 'आरएक्स ९०६० एक्सटी' ही २०२५ मधील कार्डे ८ आणि १६ गिगाबाइट अशा दोन्ही प्रकारांत आली. नाव एकच असल्याने पावतीवर मेमरीचा आकडा स्पष्ट लिहून घेणे आवश्यक आहे. तीन पडदे किंवा आभासी वास्तवाचे उपकरण असेल, तरच त्याहून वरच्या श्रेणीचा खर्च सार्थ ठरतो.

अलीकडील कार्डांत दोन खऱ्या फ्रेममध्ये संगणकाने कल्पिलेल्या फ्रेम घालण्याची सोय असते. त्यामुळे पडद्यावरील आकडा दुप्पट किंवा त्याहून अधिक दिसतो आणि हालचाल डोळ्यांना मऊ वाटते. मात्र या कल्पित फ्रेममध्ये खेळाडूने त्या क्षणी फिरवलेल्या स्टीअरिंगचा परिणाम नसतो, आणि चित्र पोहोचण्यास होणारा विलंबही त्यामुळे कमी होत नाही. शर्यतीच्या दृष्टीने खऱ्या फ्रेमची संख्याच विचारात घ्यावी.

मेमरी आणि साठवण

मुख्य मेमरी १६ गिगाबाइट असल्यास काम चालते, ३२ गिगाबाइट असल्यास पुढील काही वर्षांची निश्चिंती राहते. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या डेटा सेंटरची मागणी वाढल्याने मेमरीच्या किमती मोठ्या प्रमाणात चढल्या. त्यामुळे गरजेपेक्षा अधिक मेमरी घेऊन ठेवण्यात अर्थ नाही. मदरबोर्डवर चार जागा असतील, तर आज दोन पट्ट्या बसवून उरलेल्या दोन जागा भविष्यासाठी मोकळ्या ठेवता येतात. एकच पट्टी बसवणे मात्र टाळावे, कारण दोन पट्ट्या जोडीने अधिक वेगाने काम करतात.

साठवणीसाठी एक टेराबाइटचा एनव्हीएमई एसएसडी पुरेसा आहे. काही नव्या खेळांना प्रत्येकी पन्नास गिगाबाइटहून अधिक जागा लागते, आणि सर्किट व मोटारींची भर पडत जाते तशी ती वाढते. जुनी हार्ड डिस्क छायाचित्रे व कागदपत्रांसाठी ठेवावी, खेळासाठी नव्हे.

वीज, उष्णता आणि धूळ

आपल्याकडे संगणकाचे आयुष्य पुष्कळदा विजेवर अवलंबून असते. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा भाग, कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा नसावा. मध्यम श्रेणीच्या संगणकासाठी नामांकित कंपनीचा, कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र असलेला ६५० वॅटचा एसएमपीएस योग्य ठरतो. घरातील अर्थिंग विजेच्या कारागिराकडून तपासून घेणे ही किरकोळ खर्चाची, परंतु मोठे नुकसान टाळणारी खबरदारी आहे.

घरोघरी आढळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारणपणे ३६० वॅटपर्यंतच भार पेलतो. खेळ सुरू असताना संगणक, पडदा आणि स्टीअरिंग मिळून ही मर्यादा ओलांडू शकतात, आणि वीज जाताच यूपीएसही बंद पडतो. अशा संगणकासाठी १००० व्हीए किंवा त्याहून मोठा यूपीएस घ्यावा. शर्यत पूर्ण करणे हा त्याचा हेतू नसून संगणक सुरक्षितपणे बंद करता यावा, एवढाच आहे.

विदर्भातील किंवा उत्तर भारतातील उन्हाळ्यात खोलीचे तापमानच इतके वाढते, की यंत्र थंड ठेवणे कठीण होते. पुढील बाजूस जाळी आणि धूळ अडवणारी गाळणी असलेले कॅबिनेट काचेच्या बंद कॅबिनेटपेक्षा अधिक उपयुक्त असते. पाण्याच्या कूलरच्या थेट झोतात संगणक ठेवू नये, कारण ती हवा दमट असते. किनारपट्टीवरील खाऱ्या हवेत महिनोन्महिने संगणक बंद ठेवण्यापेक्षा तो अधूनमधून सुरू करणे बरे.

स्टीअरिंग आणि पेडल

कीबोर्डच्या कळीला दोनच अवस्था असतात, दाबलेली आणि सोडलेली. अर्धा ब्रेक किंवा पाव वळण तिला ठाऊक नसते. मोटार काबूत ठेवण्याचे कौशल्य मात्र याच मधल्या मात्रांमध्ये दडलेले असते. म्हणूनच स्टीअरिंग आणि पेडल हा चैनीचा भाग नसून मूळ खरेदीचाच भाग आहे.

स्टीअरिंगमधील मोटर रस्त्याचा धक्का आणि टायरची सुटत चाललेली पकड हातांपर्यंत पोहोचवते. गिअरवर चालणाऱ्या 'लॉजिटेक जी २९' सारख्या व्हीलमध्ये हे बळ सौम्य असते, तरी सुरुवातीसाठी ते पुरेसे आहे. पट्ट्यावर चालणारी व्हील अधिक मृदू वाटतात. डायरेक्ट ड्राइव्ह प्रकारात चाक थेट मोटरच्या दांड्यावर बसवलेले असते. २०२१ मध्ये आलेल्या फॅनाटेकच्या 'सीएसएल डीडी' नंतर असे ५ ते ८ न्यूटन-मीटर बळाचे संच तुलनेने कमी किमतीत मिळू लागले. असा संच साध्या टेबलाला हादरवतो, त्यामुळे टेबल भक्कम आहे का, हेही पाहावे लागते.

चाकापेक्षाही ब्रेकचे पेडल वेळेवर अधिक परिणाम घडवते. साधे पेडल पाय किती खाली गेला हे मोजते, तर लोड सेल असलेले पेडल पायाने किती जोर दिला हे मोजते. पायाला अंतरापेक्षा जोर अधिक चांगला लक्षात राहतो, त्यामुळे प्रत्येक फेरीत ब्रेक सारखाच लागतो. खरेदीनंतर वर्षभराने सुधारणा करायची झाल्यास ती बहुधा येथूनच करावी.

लॅपटॉप आणि जुना संगणक

जागा कमी असल्यास लॅपटॉपचा मोह होतो. मात्र लॅपटॉपमधील कार्डाचे नाव तेच असले, तरी क्षमता तीच असेल असे नाही. उदाहरणार्थ, 'आरटीएक्स ४०६०' हे लॅपटॉपमधील कार्ड ३५ ते ११५ वॅट अशा वेगवेगळ्या मर्यादांवर चालवले जाते आणि त्यानुसार त्याची गती बदलते. शिवाय त्यातील कार्ड पुढे बदलता येत नाही. शिक्षणासाठी वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला लॅपटॉप सोयीचा, घरात एका जागी खेळणाऱ्याला असेंबल केलेला संगणक किफायतशीर.

जुना संगणक विकत घेताना एक बाब तपासणे अनिवार्य आहे. विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या संगणकावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, तो कितीही स्वस्त असला तरी खेळासाठी घेऊ नये. या प्रकारातील बहुतेक खेळ विंडोजवरच चालतात, ॲपलच्या मॅकवर नाही.

ऑनलाइन शर्यतीसाठी वेगवान जोडणीपेक्षा स्थिर जोडणी महत्त्वाची असते. राउटरपासून संगणकापर्यंत साधी लॅन केबल टाकल्यास वायफायमुळे होणारी धरसोड टळते. सर्वच गोष्टी खेळाडूच्या हाती नसतात, हेही खरे. जानेवारी २०२३ मध्ये ल मान्सच्या आभासी शर्यतीत आघाडीवर असताना मॅक्स व्हर्स्टापेन यांचा सर्व्हरशी संपर्क तुटला होता.

खर्चाची विभागणी

एकूण रकमेतील प्रत्येक शंभर रुपयांपैकी २५ रुपये स्टीअरिंग व पेडलसाठी, १५ पडद्यासाठी, २५ ग्राफिक्स कार्डासाठी आणि उरलेले ३५ प्रोसेसर, मदरबोर्ड, मेमरी, एसएसडी, एसएमपीएस व कॅबिनेट यांसाठी ठेवल्यास संच समतोल होतो. रक्कम कमी पडल्यास पडद्याचे माप उतरवावे. त्याबरोबर कार्डाचा खर्चही आपोआप उतरतो. एसएमपीएसमध्ये मात्र काटकसर करू नये.

संगणक घरी आल्यानंतर त्याची परीक्षा रिकाम्या सर्किटवर एकट्या मोटारीने घेऊ नये. तीस मोटारींची शर्यत निवडावी, रात्र आणि पाऊस ठेवावा आणि सर्वांत शेवटच्या जागेवरून सुरुवात करावी. यंत्रावरील भार त्या क्षणी सर्वाधिक असतो. तेथे फ्रेमची संख्या पडली, तर आधी आरशांतील चित्रण, मग सावल्या, मग प्रतिबिंबे आणि प्रेक्षकांची गर्दी यांचा दर्जा उतरवावा. आरशात दिसणारे दृश्य यंत्राला पुन्हा वेगळे रेखाटावे लागते, त्यामुळे तेथील बचत सर्वांत मोठी असते. दुकानदाराने दिलेल्या प्रत्येक भागाची वेगळी पावती आणि वॉरंटीचा कालावधी जपून ठेवावा, कारण असेंबल केलेल्या संगणकात प्रत्येक भागाची वॉरंटी स्वतंत्र असते.

पावसात, अंधारात, तीस मोटारींच्या मागे उभे असतानाही चित्र न अडखळता चालत राहिले, तर खरेदी योग्य झाली असे समजावे. त्यापुढील सुधारणा दुकानात मिळत नाही, ती सरावानेच होते.